आधी तिथी पाहा, मग तिकीट काढा

अकोला-अमरावतीकडून अलिबागला जाऊन आलेल्या मंडळींच्या समुद्राबद्दल दोनच तक्रारी असतात. पहिली : समुद्र होताच कुठं, नुसता ओला चिखल होता. दुसरी : किल्ला डोळ्यासमोर होता, पण जाता आलं नाही. दोन्ही खऱ्या आहेत, आणि दोन्हींचं मूळ एक आहे. या लोकांनी शाळेची सुट्टी पाहिली, रविवार पाहिला, गाडीत जागा मिळते का ते पाहिलं. पाण्याची वेळ मात्र कोणी पाहिली नाही. भर दुपारी ओहोटीला किनाऱ्यावर उतरलेली एखादी आजी ‘काऊन जी, समुद्र आटला का?’ असं विचारते, तेव्हा तिथल्या चहावाल्याला हसू येत नाही. त्याला हा प्रश्न सवयीचा झालेला असतो.

आपल्याकडे पाणी वर्षातून एकदा चढतं आणि एकदा उतरतं. पूर्णेला, पेढीला पूर येतो श्रावण-भादव्यात, आणि वैशाखात पात्रात क्रिकेट खेळतात. समुद्र हेच दिवसातून दोनदा करतो. म्हणून समुद्राकाठी जाणाऱ्या वऱ्हाडी माणसानं हॉटेल, गाडी, बोट यांच्या आधी तिथी ठरवावी. बाकी सगळं त्यानंतर आपोआप बसतं.

हे काही अवघड नाही. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, म्हणजे तीननं गुणून चारनं भागायचं. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास समुद्र भरलेला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. एकादशीला सकाळी सव्वाआठला भरती, तर दुपारी सव्वादोनला पाणी सगळ्यात मागे गेलेलं. आपल्याकडे एकादशी घराघरात पाळतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी ठळक छापलेली असते. समुद्राचं वेळापत्रक रोज डोळ्यासमोर टांगलेलं असून आपण ते वाचत नाही, एवढंच.

या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि त्याचंही कारण सरळ आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. आपण मात्र सोयीसाठी ४५ धरतो. त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी हिशेब थोडा अलीकडचा येतो. पौर्णिमेला पाऊणकीनं सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, तेही पाहावेत. पण सहल चार महिने आधी ठरवताना पाऊणकी पुरते. एक सावधगिरी : हा हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचा आहे. जगन्नाथपुरीला जाऊन तो लावू नका.

दुसरी गोष्ट शाळेच्या भूगोलात होती आणि आपण ती परीक्षेपुरती पाठ केली : उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप मागे जातं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढणं-उतरणं दोन्ही बेताचं, तो भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. ज्याला ओहोटीत चालत किल्ल्यावर जायचं आहे त्यानं उधाणाचे दिवस घ्यावेत. ज्याच्याबरोबर लहान मुलं आहेत आणि ज्याला नुसतं काठावर बसून पाय भिजवायचे आहेत, त्याला भांगाचे दिवस सुखाचे.

अलिबागच का, असं कोणी विचारेल. लांब धक्का, बोटीचा प्रवास, समुद्रातला किल्ला आणि जाता-येता मुंबईचा समुद्रकाठचा रस्ता, एवढं सगळं एका रात्रीच्या गाडीनं जोडलेलं दुसरं गाव आपल्यासाठी नाही, हे माझं उत्तर. मालवण जास्त सुंदर आहे हे मान्य. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी बडनेरा-अकोल्यावरून कुडाळपर्यंत नेते, पण विशेष गाडी आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते आणि तिची मुदत सारखी वाढवावी लागते. ती चालू आहे का हे पाहूनच बेत करावा. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या घरानं अलिबागपासून सुरुवात करावी.

अमरावतीहून सुटणारी अंबा एक्स्प्रेस संध्याकाळी निघते, बडनेरा-अकोला घेत सकाळी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोचते. विदर्भ एक्स्प्रेसही रात्रीचीच. दोन्हींचा खरा फायदा असा की, त्या बोटीच्या धक्क्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर उतरवतात. दादरला उतरायचा मोह होतो, कारण नातेवाईक तिकडे असतात. अलिबागला जायचं असेल तर तो टाळा, शेवटपर्यंत बसा. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईला विमानही आहे, पण रोज नाही, आणि विमानतळावरून गेटवेपर्यंत येण्यात वाचलेला वेळ खर्च होतो.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांना आता समृद्धी महामार्ग पूर्ण मिळतो. जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता एकसलग झाला. आमण्याला, म्हणजे भिवंडीजवळ, उतरल्यावर मुंबईत शिरू नये. पनवेल, पेण, वडखळ करत थेट अलिबाग गाठावं. बोटीची हौस असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जहाज जातं, त्यात गाडीसकट चढता येतं. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा मुलांना फार आवडते : आपली अमरावती पासिंगची गाडी जहाजाच्या पोटात उभी आणि आपण वर डेकवर.

रेल्वेनं आलेल्यांनी स्टेशनवरच सकाळचं सगळं उरकून घ्यावं. बायकांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण गेटवेजवळ आणि बोटीवर सोय असेलच याची खात्री नसते. मग टॅक्सीनं गेटवे ऑफ इंडिया. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या या कमानीचं तोंड पूर्वेकडे आहे. सूर्य इथे पाण्यातून वर येतो, आणि मरीन ड्राइव्हला पाण्यात बुडतो. म्हणून गेटवे सकाळी आणि मरीन ड्राइव्ह संध्याकाळी. मुंबईत उलटं करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या फोटोत चेहरे काळे येतात.

गेटवे-मांडवा बोटींच्या खिडक्या कमानीशेजारीच आहेत. पीएनपी, मालदार, अजंठा या नावांच्या कंपन्या. तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तेव्हा ते तिकीट बोटीतून उतरल्यावर फेकू नका. बाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करणाऱ्यांत, बसचं तिकीट खिशात घेऊन फिरणारे आपले लोक हमखास असतात. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्ट संपेपर्यंत, या बोटी बंद असतात. तेव्हा हवा बरी असेल तर रो-रो, नाहीतर रस्ता.

बोटीत पाय ठेवणं हा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळ्यात नाजूक क्षण. ओहोटी असेल तर बोट पायऱ्यांच्या बरीच खाली असते आणि उघड्या पडलेल्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. बोट वरखाली होत राहते. ती वर येते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. खलाशी हात पुढे करतो; तो धरावा, लाजू नये. साडी नेसलेल्या आजींनी पदर आणि निऱ्या आधीच खोचून घ्याव्यात, हातात पिशवी ठेवू नये. आत बसल्यावर लाइफ जॅकेट कुठं आहे ते पाहा आणि घालायला सांगितलं तर घाला. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या बोटीची धडक बसली आणि माणसं गेली. जवळचा प्रवास, शांत समुद्र, भर दुपार, तरीही.

पोट हलकं ठेवा. रात्रीच्या गाडीत उरलेले कचोरी-समोसे संपवून बोटीत चढणं म्हणजे ओकारीला आमंत्रण. मळमळ होऊ लागली तर मोबाइल खाली ठेवून दूर क्षितिजाकडे पाहायचं. बोटीच्या मधल्या, मागच्या भागात हलणं कमी लागतं. हिवाळ्यात पांढरे पक्षी बोटीमागे थव्यानं येतात आणि प्रवासी त्यांना गाठिया-कुरकुरे फेकतात. हे कुरव थंडीपुरते उत्तरेकडच्या थंड मुलखातून इथे आलेले असतात आणि मासे खाऊन जगतात. त्यांना आपल्या तळलेल्या बेसनाची गरज नाही. फोटो न फेकताही निघतो.

पाऊण तास ते एक तासात मांडवा येतं. नावाची ओळख बहुतेकांना १९९० च्या ‘अग्निपथ’मुळे आहे, अमिताभचं त्यातलं गाव हेच. उतरल्यावर पाण्यावरून काठापर्यंत लांब चालत यावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांची पहिली कुरकुर इथे ऐकू येते : एवढा लांब धक्का बांधला कशाला? इथला किनारा उथळ आहे. ओहोटीला पाणी मागे गेलं की काठाजवळ बोट चिखलात बसेल. म्हणून धक्का खोल पाण्यापर्यंत नेलेला आहे. शिवाय लाटा अडवायला बांधही घातला आहे. धक्क्यावर घाई करू नका. ज्यांना समुद्र पहिल्यांदाच दिसतो आहे त्यांच्यासाठी ही सगळ्यात चांगली जागा : तिन्ही बाजूंनी पाणी आणि पायाखाली पक्की जमीन. मागे मुंबई धुक्यात दिसते. सामान एकानं सांभाळावं, बाकीच्यांनी दहा मिनिटं उभं राहावं. बस थोडी थांबते.

मांडव्याहून अलिबाग वीसएक किलोमीटर. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेण किंवा पनवेलपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी हा दुसरा मार्ग. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास आहे, तेव्हा मोठ्या कुटुंबाला तो स्वस्त पडतो. फक्त आधार कार्ड खालच्या बॅगेत ठेवू नका.

राहायचं कुठं? गावात हॉटेलं आहेत, पण मी नागाव-आक्षीच्या वाड्या सुचवीन. नारळ-सुपारीच्या बागेतलं घर, अंगणात विहीर, सकाळी घावणे. कोरड्या मुलखातल्या डोळ्यांना नुसती ती सावली पाहूनच बरं वाटतं. शनिवार-रविवारी आणि वर्षाच्या शेवटी मुंबई तिथे लोटते, दर चढतात. मंगळवार ते गुरुवार हे दिवस आपले. आक्षीला जुना शिलालेखही आहे. त्यावर शके ९३४ असा काळ वाचला गेला असून, सगळ्यात जुन्या मराठी शिलालेखांत त्याचं नाव घेतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण मराठीच्या मास्तरांनी तेवढ्यासाठीही वाकडी वाट करावी.

आता किल्ला. आधी एक गोंधळ मिटवू. कुलाबा किल्ला मुंबईच्या कुलाब्यात नाही, अलिबागच्या समोर समुद्रात आहे. टॅक्सीवाल्याला ‘कुलाबा किल्ला’ सांगून दक्षिण मुंबईत फिरत राहिलेले लोक आहेत. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला, संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे ठाणं बनलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, आणि परत गेले. तटाचे मोठमोठे दगड चुन्याविना एकमेकांवर रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत-बाहेर होतं आणि तिचा जोर मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, आणि एक गोड्या पाण्याची विहीर.

त्या विहिरीपाशी दर्यापूर, बाळापूर, तेल्हाऱ्याकडच्या माणसांनी थोडं जास्त थांबावं. आपला खारपाणपट्टा समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, आणि विहिरीला पाणी मचूळ. पूर्णेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी कोस कोस तुडवले. इथे चहूबाजूंनी समुद्र आणि मधोमध गोडं पाणी. त्याला जमिनीखालचे थर आणि पावसाच्या पाण्याचा निचरा कारण आहे, हे शास्त्र समजावून सांगता येतं. तरी राग येतोच.

किल्ला काठापासून दीडएक किलोमीटर. ओहोटीत चालत किंवा घोडागाडीनं जाता येतं, भरतीत बोटीनं. चालत जाणाऱ्यांसाठी नियम असा : पूर्ण ओहोटीची वेळ काढा, तिच्या तास-दीड तास आधी निघा, आणि ती उलटून गेल्यावर तासाभरात परत काठावर असा. मध्ये किल्ल्यावर दीड तास मिळतो, तेवढा पुरतो. बीज, तीज, चतुर्थी हे दिवस उत्तम. उधाण अजून सरलेलं नसतं, त्यामुळे वाळू चांगली उघडी पडते, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, ऊन चढायच्या आत. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. तेव्हा अंधाराचा धोका. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, आणि भांग असल्यानं वाटेत गुडघाभर पाणी राहूनच जातं. ज्यांना अष्टमीच्या आठवड्यातच सुट्टी आहे त्यांनी बोटीनं जावं, उगाच मर्दुमकी करू नये.

पायात मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. वाटेत खडक आहेत, त्यांवर शिंपले चिकटलेले असतात आणि पाय कापतो. नवे बूट घालून येणारे मग ते हातात घेऊन चालतात.

परतीच्या वेळेबद्दल मी हट्टी आहे, त्याचं कारण असं. आपण पूर पाहिलेला असतो. नाल्याला पूर येतो तो वरून येतो, गढूळ येतो, आवाज करत येतो, आणि गावात आरोळी उठते. भरती अशी येत नाही. ती आधी सखल जागा भरते, आणि सखल जागा बहुतेक वेळा तुमच्या आणि काठाच्या मध्ये असते. तुम्ही किल्ल्याच्या तटावर फोटो काढत असता, समोर वाळू कोरडी दिसत असते, आणि मागच्या पन्हळीत कमरेइतकं पाणी झालेलं असतं. तिथला घोडागाडीवाला ‘चला आता’ म्हणाला की वाद घालू नका.

पोहण्याबद्दल तर आणखी सांगायला हवं. विहिरीत, नदीच्या डोहात पोहायला शिकलेला वऱ्हाडी माणूस समुद्रात सगळ्यात जास्त धोक्यात असतो, कारण त्याला पोहता येतं. विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्राचं पाणी तुम्हाला घेऊन जातं. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून वेगानं आत ओढलं जातं. वरून तो पट्टा उलट शांत दिसतो, तिथे लाट फुटत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथेच शिरतो. अशा ओढीत सापडलात तर काठाकडे तोंड करून झगडू नका. सगळी ताकद त्यातच संपते. पाण्यावर पडून राहा, हात वर करून ओरडा, आणि जमलं तर काठाला समांतर पोहत बाजूला सरका. ओढ अरुंद असते, बाजूला गेलं की सुटते, मग लाटांबरोबर बाहेर या. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजची सहल आली होती. त्यातले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून मी शिक्षकांना सांगतो : ओहोटी लागलेली असताना कोणालाही गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. पाणी तेव्हा आत चाललेलं असतं. लाल झेंडा दिसला तर तेवढंही नको. बुडणाऱ्याला वाचवायला दुसऱ्या न शिकलेल्यानं उडी मारायची नाही. दोर, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकायचं. आणि संध्याकाळी दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्या मंडळींना ही सगळी माहिती असून काही उपयोग नाही.

हवामानाचाही एक गैरसमज काढायला हवा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर गेला की लोकांना वाटतं, चला, समुद्राकाठी गार असेल. पारा तिथे खरंच दहा-बारा अंशांनी खाली असतो, पण घाम वाळत नाही. आपल्याकडे सावलीत बसलं, तोंडाला दुपट्टा गुंडाळला, कूलर लावला की निभतं, कारण हवा कोरडी. तिथे कूलर चालत नाही, त्यानं दमटपणा वाढतो. मे महिन्यात जाऊच नये, असं माझं मत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, सुती सैल कपडे न्या, पाणी आणि मीठ-साखर जवळ ठेवा. तहान लागलेली कळत नाही आणि घामावाटे मीठ जात राहतं.

हिवाळ्यात गेलात तर पोपटी खायला मिळेल. वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, आणि हवी असेल तर अंडी किंवा कोंबडी, भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भरून मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. आपल्या हुरड्याच्याच मोसमात हे चालतं आणि हुरड्यासारखंच शेतात, रात्री, गप्पांबरोबर. माळकरी मंडळींनी आधीच ‘शाकाहारी मडकं वेगळं लावा’ असं सांगून ठेवावं. लोक आनंदानं लावतात. एरवीही घरगुती खानावळीत आपण माळकरी आहोत, हे जेवण सांगतानाच सांगावं, ताटावर बसल्यावर नव्हे. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी, उकडीचे मोदक एवढं मिळालं तर मासे न खाणाऱ्याचं काही अडत नाही. ठेचा मात्र घरूनच न्या. मासे पहिल्यांदा खाणाऱ्यानं सुरमईपासून सुरुवात करावी, काटा मोठा आणि सहज निघणारा. भाव आकारावर असतो, तेव्हा तळायला टाकण्याआधी विचारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ‘ताजा’ म्हणून वाढलेल्या माशाबद्दल थोडी शंका घ्यावी. फेब्रुवारीनंतर गेलात तर अलिबागचा पांढरा कांदा माळा करून रस्त्याकडेला विकायला असतो. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोडसर आहे, कच्चा खायचा. आपल्या भाजीच्या रश्शात तो घालणं म्हणजे पैसे वाया.

गावात कान्होजींची समाधी आहे, ती पाहावी. किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं चालत, पण ट्राम विजेवर धावणार असं ठरल्यावर उपकरणं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली. ट्राम कधीच्या गेल्या, वेधशाळा आहे. शाळेची सहल नेणाऱ्यांनी आधी पत्र लिहून परवानगी मागावी.

परतताना मरीन ड्राइव्ह ठेवा. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरचा काठ. सगळा चालायची गरज नाही. चर्चगेटसमोर कट्ट्यावर बसा आणि निम्मं अंतर चौपाटीकडे चाला. पाठीमागच्या त्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला आहे, तेव्हा एकदा मागेही वळून पाहा. कट्ट्यापलीकडचे चार पायांचे सिमेंटचे ठोकळे लाटा फोडण्यासाठी टाकले आहेत, बसण्यासाठी नाहीत. त्यांच्या फटीत अडकलेल्याला काढायला अग्निशमन दल बोलवावं लागतं. ओहोटीला इथे पाहण्यासारखं कमी असतं, म्हणून इथेही पाऊणकी करूनच या.

हे सगळं एका सुट्टीत बसवायचं तर भाऊबीज सर्वांत सोयीची, कारण ती कार्तिक शुद्ध द्वितीयेलाच येते. भावाला ओवाळून संध्याकाळची गाडी पकडा. तृतीयेला सकाळी गेटवेला पोचाल तेव्हा ओहोटी असेल, पायऱ्या जपून उतरा. दुपारी सव्वादोनला अलिबागचा समुद्र भरलेला दिसेल. चतुर्थीला नऊला पूर्ण ओहोटी, म्हणून साडेसातला किल्ल्याकडे निघा आणि दहाच्या आत परत या. पंचमी नागाव, आक्षी आणि झोप यांसाठी. षष्ठीला सकाळची बोट, आणि साडेचारला मरीन ड्राइव्हला भरती. सूर्य बुडेपर्यंत पाणी कट्ट्याजवळच असतं. मग रात्रीची गाडी. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, म्हणजे भाऊबीजेच्या गाडीसाठी हरतालिकेच्या एक-दोन दिवस आधी. दिवाळीची गर्दी असते, त्या सकाळी गणपतीची मखर जरा बाजूला ठेवून आठच्या आधीच मोबाइल घेऊन बसा, आणि परतीचं तिकीट त्यानंतर चार दिवसांनी तसंच काढा.